एकत्र ओतलेलं

सोमवार, ४ मार्च

प्रकाशकांनी शेवटी होकार दिला. छोटंसं पुस्तक. गोंधळाला, भांबावण्याला, पसाऱ्याला इंग्रजीत जे शब्द आहेत ते कुठून आले, त्यांचे अर्थ कसे फिरत गेले, हे साध्या मराठीत सांगायचं. मेअखेर हस्तलिखित हवंय. "मॅडम, विषय तुम्ही निवडलात की विषयाने तुम्हाला?" असं विचारून ते स्वतःच हसले. माझ्यामागे बाळाने टाहो फोडला होता, तो त्यांना फोनवर ऐकू गेला असणार.

कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून मला असं काही मिळालं नव्हतं. आणि मिळालं ते नेमकं घरात नातू आल्यावर. आमची धाकटी मुलगी, बारकी, बाळाला घेऊन हॉस्पिटलमधून थेट आमच्याकडे आली. जावई जहाजावर इंजिनिअर, त्याची मुदत संपायला अजून बराच अवकाश आहे. हे दुपटी धुतात, वाळत घालतात आणि घड्या करतात. पाणीपुरवठा खात्यात सगळी नोकरी काढलेला माणूस, नळाखाली बसला की खूश असतो.

पहिला शब्द घेतला: मेस. मूळ अर्थ पानात वाढलेलं अन्न. ते चार जणांनी एकत्र खाल्लं म्हणून जेवणाऱ्यांचा गट. मग जनावरांपुढे टाकलेला कालवलेला लगदा. आणि मग नुसताच राडा. ताटापासून राड्यापर्यंत किती थोडं अंतर! सुरुवात झकास झाली आहे.

बारकीचं कौतुक वाटतं. माझ्या दोन्ही बाळंतपणांनंतर मी मेल्यासारखी पडून होते. ही भिंगरीसारखी फिरते आहे.


गुरुवार, ७ मार्च

सकाळी उठून बघते तर स्वयंपाकघर ओळखू येईना. बारकीने सगळे डबे उतरवून, पुसून, नव्याने लावले होते. रंगाप्रमाणे. मीठ, साखर, रवा शेजारी शेजारी, कारण तिघं पांढरे. मला हसू आलं. म्हटलं, "बाई, चहात मीठ पडेल." तर म्हणाली, "पडू दे, कळेल तरी." हसली नाही मात्र.

हे म्हणाले, "तिला झोप येत नाही म्हणते. बाळ झोपलं तरी ती जागीच असते."

"बाळंतिणीला कुठली आलीय झोप," मी म्हटलं.

दुपारी ती बाळाला पाजत असताना मी तिला कन्फ्यूजवरचं टिपण वाचून दाखवलं. लॅटिनमधून आलेला शब्द. मूळ अर्थ एकत्र ओतणं. दोन भांड्यांतलं एका भांड्यात ओतलं की कुठलं कुठलं ते सांगता येत नाही. माणसाचं मन गोंधळतं, हा अर्थ नंतरचा. बारकी मान वर करून ऐकत राहिली. तिने मला परत वाचायला लावलं. मग आणखी एकदा. घरातल्या कोणीही माझ्या कामात आजवर एवढा रस घेतला नव्हता. पहिला वाचक घरातच मिळाला.


मंगळवार, १२ मार्च

बारकीने बाळाला पाजणं कमी केलंय. दुधाला वास येतो म्हणते. मी वास घेतला, काही नाही. हल्लीच्या मुली वाचतात फार, त्यातून ही खुळं निघतात.

तिला माझ्या शब्दांचं मात्र वेड लागलंय. आज भाजी निवडताना विचारते, "आई, एकत्र ओतलेलं परत वेगळं करता येतं का?"

मी शिकवण्याच्या आवाजात म्हणाले, "काय ओतलंय त्यावर आहे. तेल आणि पाणी असेल तर येतं. न हलवता ठेवायचं. वेळ द्यावा लागतो."

"किती?"

"आपोआप कळतं."

तिने मान डोलावली. विद्यार्थिनी म्हणून ती लहानपणी कधी इतकी गुणी नव्हती.

संध्याकाळी जावयाचा फोन. जहाजावरून आवाज तुटत येत होता. "आई, ती मला सारखे मेसेज पाठवते. दिवसभर. त्यात काही अर्थ लागत नाही. हॉस्पिटलमध्ये बाळं एकत्र केली, असं काहीतरी. तुम्ही तिला डॉक्टरकडे न्याल का?" मी म्हटलं, "बाळंतपणात बायका हळव्या होतात. तू समुद्रावर बसून राईचा पर्वत करू नकोस. मी आहे ना इथे." बरं म्हणून त्याने फोन ठेवला. काळजी करणारा आहे बिचारा, पण बाळंतपणातलं त्याला काय कळणार?


शुक्रवार, १५ मार्च

अमेझ आणि मेझ ही एकाच घरातली. अमेझ म्हणजे आज आपण म्हणतो ते सुखद आश्चर्य, पण हे अलीकडचं. पूर्वी त्याचा अर्थ माणूस बधिर होणं, डोक्यात काठी बसल्यासारखं होणं. आणि मेझ म्हणजे भुलभुलैयाच्या वाटा हाही नंतरचा अर्थ. आधी मेझ म्हणजे भ्रम. म्हणजे भ्रम अगोदर होता, वाटा आणि भिंती मागाहून बांधल्या. हे वाक्य प्रकाशकांना फोनवर ऐकवलं. ते म्हणाले, "हे मागच्या पानावर टाकू."

घरी आज थोडी कटकट झाली. बाळाला अंघोळ घालायचा टब काठोकाठ भरून ठेवलेला. अंघोळ तर सकाळीच झाली होती. ह्यांना पाण्याची नासाडी बघवत नाही, त्यांनी कपड्यांना वापरायला ते बादल्यांत काढलं. "कशाला भरलास गं?" मी विचारलं तर बारकी म्हणाली, "बघत होते, स्थिर होतं का." मग माझ्याकडे टक लावून, "तू पण त्यांच्यातलीच का?"

"कोणाच्यातली?"

"मला वाटलंच," असं म्हणून ती उठून गेली.

दुपारचं ताट तसंच. बारकी नेहमीच नाटकी होती. शाळेत असताना भांडून दोन दोन दिवस जेवायची नाही.


सोमवार, १८ मार्च

आज जरा बरं. बारकी दिवसभर पलंगावर पडून होती, शांत. डोळे उघडेच, पण पडून तरी होती. बाळाला हे वरचं दूध पाजतात.

डिलिरियमवर चांगलं पान झालं. लॅटिनमध्ये लिरा म्हणजे नांगरटीत उठणारा वरंबा. नांगर आपली सरळ रेघ सोडून भरकटला की ते डिलिरियम. शेतकऱ्याच्या चुकीचा शब्द वैद्यांनी उचलला. मला इतकं आवडलं की खोलीत जाऊन बारकीला सांगितलं. ती छताकडे बघत म्हणाली, "मी सरळच चाललेय. तुम्हीच सगळे बाजूला गेलात."

"छान! हे पण लिहिते," मी म्हटलं.

हे दारात उभे होते. त्यांनी मला बाहेर बोलावलं. "उद्या मी डॉक्टरांची वेळ घेऊन येतो."

"पुढच्या आठवड्यात टाक्यांसाठी जायचंच आहे. तेव्हा विचारू."

"मला ती बरी दिसत नाही."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

ह्यांचं हे असंच. नळ थेंबभर गळायला लागला तरी पाइप बदलायला निघतात.


बुधवार, २० मार्च

लिहिता येत नाहीये. पण न लिहिता तेच तेच डोळ्यांपुढून जातंय.

काल सकाळी हे डॉक्टरांची वेळ घ्यायला गेले होते. मी बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसले होते. न्हाणीघरात नळ सुरू होता. बराच वेळ. मी बसल्या जागेवरून ओरडले, "नळ बंद कर गं." पाण्याचा आवाज थांबला. मी परत कागदात डोकं घातलं. मग मला वाटलं, बाळाचा आवाज नाही. झोपलं असेल. मी आणखी एक ओळ लिहिली. ती लिहून पुरी केली. मग उठले.

ती टबाशी गुडघ्यांवर बसली होती. बाळाला दोन्ही हातांवर आडवं धरलं होतं, मान नीट सावरून, मीच शिकवलं होतं तसं. त्याचं तोंड पाण्याखाली होतं.

"आई, थांब ना," ती म्हणाली. हळू, समजुतीच्या सुरात. "वेळ द्यावा लागतो. वेगळे होतायत."

पुढचं मला सलग आठवत नाही. बाळ माझ्या हातात होतं, पालथं, आणि मी त्याच्या पाठीवर मारत होते. कोणीतरी किंचाळत होतं, ती मीच असणार. मग ते खोकलं. पाणी बाहेर आलं. मग एक बारीक, चिरका आवाज, आणि मग ते रडलं.

बारकी टबातल्या पाण्याकडे बघत होती. "हलवलंस," ती म्हणाली. "आता परत मिसळलं सगळं."


गुरुवार, २१ मार्च

बाळ मुलांच्या हॉस्पिटलमध्ये आहे. छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणतात, नशीब. दोन-तीन दिवस नजरेखाली ठेवतील. हे त्याच्यापाशी आहेत.

बारकी दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये, मनाच्या आजारांच्या विभागात. तिथे नेताना तिने माझा पदर धरला होता. परिचारिकेने एकेक बोट सोडवलं. "आई, मला ह्यांच्याकडे देऊ नकोस. तूच काहीतरी सांग ना ह्यांना. तुला सगळे शब्द येतात." दार बंद झाल्यावरही ऐकू येत होतं. मी जिन्यात भिंतीला टेकून उभी राहिले.

डॉक्टर बाई माझ्या मोठ्या मुलीच्या वयाच्या असतील. शांत. त्यांनी विचारलं, "झोप कधीपासून गेली?"

"घरी आल्यापासून."

"म्हणजे पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"खाणं?"

"कमी. म्हणजे नाहीच."

"बाळ आपलं नाही, बदललंय, असं काही म्हणाली?"

"जावयाला म्हणाली. मला... मला विचारायची, वेगळं करता येतं का म्हणून."

"आणि तुम्हाला काय वाटलं?"

मला खरं तेच सांगायचं होतं. "मला वाटलं, ती उत्साहात आहे. मला वाटलं, तिला माझ्या कामात गोडी वाटतेय."

त्या रागावल्या नाहीत. लिहून घेत होत्या. म्हणाल्या, बाळंतपणानंतर हजारात एखाद-दुसरीला हा आजार होतो, एकदम चढतो, त्यात बाईला कशाचंच भान राहत नाही. तिने बाळाला मारायला पाण्यात धरलं नव्हतं, तिच्या लेखी ती त्याला सोडवत होती. "हा बरा होणारा आजार आहे," हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा मान हलवली. कानात फक्त पाणी होतं.


सोमवार, २५ मार्च

बाळ घरी आलं. हसतंय झोपेत. त्याला काही म्हणजे काही माहीत नाही.

बारकीला भेटू दिलं, थोडा वेळ. औषधांनी जीभ जड झाली आहे. तिचा सदरा पुढून ओला झाला होता. दूध येतंय अजून, पण कोणासाठी ते तिला ठाऊक नाही. परिचारिकेने तो बदलला, तेव्हा ती लहान मुलीसारखी हात वर करून उभी राहिली. मला म्हणाली, "तुम्हाला कोणी पाठवलं?" मग ओळखलं की नाही, कळलं नाही. मी तिच्या केसांतून हात फिरवायला गेले तर तिने मान काढून घेतली.

घरी येऊन टब माळ्यावर टाकायला सांगितला. ह्यांनी तो आधीच कुठेतरी नेऊन दिला होता. मला न सांगता. हे माझ्याशी बोलतात, दूध आणलं, औषध दिलं, वगैरे. त्यापलीकडे नाही.


मंगळवार, २ एप्रिल

जावई आला. कुठल्या तरी बंदरावर उतरून, विमानं बदलत. दाढी वाढलेली. बॅग दारातच ठेवून आधी बाळाला उचललं आणि तसाच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला बराच वेळ.

मी चहा ठेवला. बाळ कुरकुरलं म्हणून हात पुढे केले, तर म्हणाला, "राहू दे, आई. मी घेतो." रात्रीचं दूध मी पाजते म्हटलं, तर "राहू दे." गुणी मुलगा आहे. स्वतः थकलाय आणि मला विश्रांती द्यायला बघतोय. झोपताना खोलीची कडी आतून लावून घेतली. जहाजावरची सवय असेल.

प्रकाशकांचा फोन येऊन गेला. मी उचलला नाही. टेबलावर नॉनप्लसचं टिपण अर्धवट आहे. लॅटिनमधले दोन शब्द, 'आणखी नाही'. माणूस अशा ठिकाणी येतो की पुढे बोलण्यासारखं, करण्यासारखं काही उरत नाही. यावर मी एक गमतीदार उदाहरण योजलं होतं. काय ते आठवत नाही.


शुक्रवार, ५ एप्रिल

गोळ्यांनी म्हणावा तसा गुण नाही. डॉक्टर विजेच्या शॉकची उपचारपद्धती म्हणाल्या. सही हवी होती, म्हणून बाळापाशी मोठीला बसवून आम्ही तिघं गेलो. जावयाने पेन कागदावर टेकवलं आणि परत उचललं. ह्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा त्याने सही केली.

घरी येताना मी म्हटलं, "हे फार होतंय का? आणखी थोडी वाट बघू या का?"

जावई रस्त्याच्या मध्येच थांबला. "आई, मी तुम्हाला फोन केला होता."

"हो."

"तुम्ही मला दोन वाक्यांत गप्प बसवलंत. मी तिथे पाण्यावर, माझ्या हातात काही नाही. मला वाटलं, आई शिकलेल्या आहेत, बघतील." त्याला दम लागला होता. "आता वाट बघायची नाही. माझा मुलगा मी तुमच्याकडे एकटा ठेवू शकत नाही, हे मला रोज कळत असतं. मला त्याचं वाईट वाटतं. पण नाही ठेवू शकत."

मागून गाडीवाले हॉर्न वाजवत होते. ह्यांनी आम्हा दोघांना हाताला धरून कडेला घेतलं.

म्हणजे कडी जहाजावरची नव्हती. मी रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. कोणी ऊठ म्हणालं नाही. नंतर स्वतःच उठले.


गुरुवार, ११ एप्रिल

बारकी सुधारते आहे. डॉक्टर तसं म्हणतात. ती मला ओळखते, जेवते, झोपते. बाळ बदललं हे आता ती म्हणत नाही.

आणि हे त्या सगळ्यापेक्षा भयंकर आहे. कारण आज तिने विचारलं, "मी काय केलं, आई?"

मी म्हणाले, "काही नाही गं. आजारी होतीस."

"खोटं बोलू नकोस. मला हातावर त्याचं वजन आठवतं. पाणी गार होतं. मी कोमट करायला विसरले, असं मनात येत होतं."

मी तिच्या पांघरुणाची कड सारखी केली.

"आई, तो आहे ना?"

"आहे. अगदी ठणठणीत आहे. दूध ओढतो नुसता."

"शपथ?"

मी तिला फोनवरचे त्याचे फोटो दाखवायला घेतले. तिने डोळ्यांवर हात दाबून धरले. "नको. नको. मला दाखवू नका. त्याला आणू नका माझ्याकडे कधी." आणि कपाळ पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटायला लागली. परिचारिका धावत आली. मला बाहेर जायला सांगितलं.


शुक्रवार, १९ एप्रिल

बारकी बोलत नाही. भिंतीकडे वळून पडते. डॉक्टर म्हणतात, असं होतं. भ्रम ओसरतो आणि खाली हे असतं. तिच्याजवळ सतत माणूस ठेवलंय. का, ते मी विचारलं नाही.

केऑसचा मूळ ग्रीक अर्थ गोंधळ नाहीच. आ वासलेली पोकळी, एवढाच. त्यात काही मिसळलेलं नाही, विस्कटलेलं नाही, कारण त्यात काहीच नाही. कॉलेजात हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. आज तिच्या पाठीकडे बघताना कळलं.

डॉक्टरांच्या खोलीत जाऊन मी जे इतके दिवस घशात होतं ते विचारलं. "मी तिला ते शब्द वाचून दाखवले. एकत्र ओतण्याचं. तेल आणि पाणी मीच म्हणाले. माझ्यामुळे झालं का?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आजार शब्दांनी होत नाही. त्याला बोलायला काहीतरी लागतं, ते तो आजूबाजूचं उचलतो. तुम्ही वाचलं नसतं तर टीव्हीवरची जाहिरात उचलली असती. मागच्या वर्षी एकीने दुधाच्या पिशवीवरचा मजकूर उचलला होता." मग म्हणाल्या, "पण झोप गेली होती, खाणं गेलं होतं, हे घरात दिसत होतं. त्यावर मी खोटं काही सांगणार नाही."

मला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी प्रकाशक घरी आले. ह्यांनी त्यांना सांगितलं असावं. आल्या आल्या नेहमीची थट्टा नाही. मी म्हटलं, "पुस्तक होणार नाही." ते म्हणाले, "नाही झालं तर नाही झालं, मॅडम. शब्द इतकी शतकं थांबलेत." चहा पिऊन गेले. जाताना बाळाकडे बघून त्यांना काय बोलावं सुचेना, म्हणून त्यांनी त्याला नमस्कार केला.


रविवार, २८ एप्रिल

डॉक्टरांनी सांगितलं, आता बाळाला आणा. बारकी नको म्हणाली तरी आणा, पण जबरदस्ती करू नका.

भेटीची खोली. आम्ही चौघं आणि एक परिचारिका. बारकी खिडकीजवळच्या खुर्चीत, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. जावई बाळाला घेऊन दारापाशीच थांबला. पुढे येईना, मागे जाईना. मला वाटलं, हा आता वळून निघून जाईल, आणि गेला तर मी काय म्हणणार?

तो जाऊन तिच्यापुढे जमिनीवर बसला. बाळ त्याच्या मांडीवर.

"वाढला," बारकी म्हणाली. कितीतरी दिवसांनी आवाज ऐकला तिचा.

"हो ना. झबली होत नाहीत आता."

"तू मला सोडून जाशील का?"

"नाही."

"गेलास तरी मी काही म्हणणार नाही."

"माहीत आहे. नाही जाणार." मग तो म्हणाला, "मला भीती वाटते. खोटं कशाला बोलू? पण नाही जाणार."

तिने हात मांड्यांखालून काढले नाहीत. बाळाने जांभई दिली. ती बघत राहिली. ह्यांनी माझ्याकडे न बघता माझा हात धरला. कितीतरी दिवसांनी तेही.


मंगळवार, १४ मे

बारकीला घरी सोडलं. गोळ्या बराच काळ चालतील. पुढे कधी दुसरं मूल झालंच तर हे परत येऊ शकतं, असं डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. बाळाबरोबर तिला एकटं ठेवायचं नाही, सध्या तरी. झोपेवर लक्ष ठेवायचं. मी सगळं लिहून घेतलं आणि त्यांना परत वाचून दाखवलं, काही चुकलं तर नाही ना बघायला.

पुस्तकाचे कागद आहेत तिथेच आहेत. त्यात काही चांगली पानं आहेत. पण सध्या घरात कोणी बोललं की मी फक्त ऐकते. मध्ये शब्द शोधत नाही. जमत नाही नेहमी. आज सकाळी बारकी म्हणाली, "मला आतून पोकळ वाटतं," आणि माझ्या ओठांवर काहीतरी आलं होतं. गिळलं. म्हटलं, "कसं म्हणजे? सांग." मग ती बराच वेळ सांगत होती. त्यातलं निम्मं मला समजलं नाही. परत विचारलं. तिने परत सांगितलं.

दुपारी जावई औषधं आणायला निघाला. दारात थांबून माझ्याकडे बघितलं. हे पलीकडच्या खोलीत होतेच. तरी त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आई, मी जाऊन येतो. बसाल ना?" मी म्हटलं, "बसते."

बाळ जागं झालं. बारकी पाळण्यापाशी जाऊन उभी राहिली, वाकली, सरळ झाली, परत वाकली. मग तिने त्याला उचललं. इथे आल्यापासून पहिल्यांदा, आपल्या आपण. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. खुर्चीत बसली, पण पाठ टेकवली नाही.

"आई, दार लावू नकोस."

"नाही लावत."

"इथे समोर बस. जवळ. माझ्या हातांकडे बघ."

"बघतेय."

"बोलू नकोस मध्ये. नुसतं बघत राहा. मला काही वाटायला लागलं तर मी सांगते, पण मला कळलंच नाही तर..."

"मी बघतेय, बाळा."

बाळ आधी चुळबुळलं, रडतंय की काय असं वाटलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्या हातांवरून नजर काढली नाही. एक हात त्याच्या मानेखाली होता, दुसरा कमरेखाली, दोन्हींची बोटं दुपट्यात रुतलेली. बाहेर कोणीतरी बेल वाजवली, ह्यांनी जाऊन दार उघडलं, कोण आलं होतं मला माहीत नाही. बाळाचा हुंकार आला. हळूहळू तिची बोटं सैल झाली. मी बघत होते.